कोलंबाइन राहू द्या, कलौंजी पेरा

तुमच्या घरी कोलंबाइनच्या बियांचं पाकीट येऊन पडलं असेल, तर ते फोडण्याआधी हे वाचा. पाकिटावरचं फूल मोहात पाडणारंच असतं. पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या मागे निघालेलं लांब पोकळ शिंग, एकाच फुलात निळा आणि पांढरा रंग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं १८९९ साली ते आपलं राज्यफूल म्हणून निवडलं, यात नवल नाही. पण लेकीनं तिकडून आणलेलं असो की फोनवरून मागवलेलं, काशीत ब्रह्माघाटाच्या किंवा दुर्गाघाटाच्या गच्चीवर ते पेरलं की तसंच फूल येईल ही आशा सोडा. रोप येईल, काळजी घेतलीत तर चांगलं हातभर पसरेलही. फूल बहुधा येणार नाही, आणि ज्येष्ठ संपायच्या आत रोपही हाती राहणार नाही.

जाता जाता एक सांगतो. परदेशातून येताना बॅगेत बी टाकून आणणं हे वाटतं तितकं साधं नाही. त्याला आयातीचा परवाना आणि त्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम शोभेच्या फुलांनाही लागू आहे. मुलांना आधीच कळवा, म्हणजे विमानतळावर शोभा होणार नाही.

हे सगळं तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाही. उलट या हिवाळ्यात काशीतल्या प्रत्येक मराठी गच्चीवर बियांपासून केलेली फुलं असावीत, असंच माझं सांगणं आहे. फक्त ती इथल्या हवेला मानवणारी असावीत. कोलंबाइनच्याच कुळातली दोन फुलं काशीचा हिवाळा मजेत काढतात, आणि त्यातल्या एकाचं बी तुमच्या लोणच्याच्या मसाल्यात आत्ता या घटकेला आहे.

आधी कोलंबाइन इथे का जमत नाही ते पाहू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. हे थंड मुलखातलं झाड. आपल्या देशातही त्याच्या रानटी जाती आहेत, पण त्या काश्मीर, हिमाचल, गढवाल, कुमाऊँच्या उंच भागात. उन्हाळ्यात ते फुलतं, पुढे शेंगा तडकतात आणि काळं चकचकीत बी खाली पडतं. त्यावर बर्फ पडतो. काही महिने बी त्या ओल्या गारठ्यात पडून राहतं आणि बर्फ वितळला की जागं होतं. ही झाली पहिली थंडी. दुसरी थंडी रोपाला लागते. पहिल्या वर्षी रोप नुसती पानं करतं, हिवाळाभर बर्फाखाली मान टाकून पडतं आणि दुसऱ्या वर्षी कळ्या धरतं. बियाची थंडी आपला फ्रिज देऊ शकतो. रोपाची थंडी कोण देणार?

तुम्ही म्हणाल, काशीत काय कमी थंडी असते? जानेवारीत रात्री पारा ८-१० अंशांवर येतो, धुक्यात पलीकडचा तीर दिसत नाही, शाळा बंद होतात, घाटाघाटावर शेकोट्या पेटतात. आपल्या हाडांना ही थंडी पुरून उरते. कोलंबाइनला पुरत नाही. रोपाला दहा-बारा पानं फुटल्यावर पुढचे आठ-दहा आठवडे ५ अंशांच्या आसपासचा सलग गारठा मिळाला, तर त्याच्या पोटात कळी तयार होते. आपल्याकडे दिवाळीला पेरलेल्या रोपाला तेवढी पानं यायलाच जानेवारी उजाडतो. महिन्याभरात वसंतपंचमी होते, स्वेटर आत जातात, मार्चअखेर दुपारी ३५ अंश आणि मे महिन्यात ४० च्या वर. मग लू सुटते. कुंडी बाहेरून हात लावू देत नाही इतकी तापते आणि आतली मुळं उकडून निघतात. त्यातूनही एखादं रोप वाचलंच, तर आषाढ-श्रावणात साचलेल्या पाण्यानं सडतं.

तेव्हा पाकीट आलंच असेल, तर नैनिताल, अल्मोडा, मुक्तेश्वर, शिमला अशा ठिकाणी कुणी ओळखीचं असेल त्यांना देऊन टाका. तिथे ते घरच्यासारखं वाढेल. आणि कृपा करून उलटा उद्योग करू नका. बद्री-केदारला किंवा फुलांच्या दरीत गेल्यावर रानातलं रोप उपटून, शेंगा खुडून आणू नका. फुलांची दरी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून पान आणणंही गुन्ह्यात मोडतं. आणि आणलेलं रोप काशी स्टेशनवर उतरेपर्यंतच माना टाकतं.

इतकं सांगूनही काही जण पेरणारच. हौसेला मोल नसतं, मग निदान नीट पेरा. पितृपक्षाच्या सुमाराला बी ओलसर वाळूत मिसळून झिपच्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वाळू हातात दाबली तर पाणी गळता कामा नये. दिवाळीच्या आसपास खोल कुंडीत, भुसभुशीत मातीवर हे बी नुसतं पसरा आणि तळहातानं हलकं दाबा. वर माती टाकू नका. या बियाला उगवायला उजेड लागतो, आणि बहुतेकांचं पेरलेलं इथेच फुकट जातं. पाणी वरून ओतू नका. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवून खालून चढू द्या, नाहीतर बी एका कोपऱ्यात वाहून जातं. उगवायला तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. कुंडी खोल घ्यायची कारण याचं मूळ सरळ खाली जातं आणि नंतर हलवलेलं त्याला खपत नाही. जी तीन-तीन भागांची निळसर हिरवी पानं येतील ती फार देखणी असतात. पानांवर समाधान मानायची तयारी असेल तर खुशाल करा.

आता आपल्या कामाच्या फुलांकडे वळू.

कोलंबाइनचं कूळ मोठं आहे आणि जरा विषारीही. आयुर्वेदातला बचनाग याच कुळातला. मोरवेल याच कुळातली. सह्याद्रीत पावसाळा सरताना कड्याकपारींच्या गवतात जी निळीशार निळवंती फुलते, तीही यातलीच. तिच्या फुलालाही मागे शिंग असतं. ती फक्त पश्चिम घाटात सापडते, म्हणून महाराष्ट्रात गेलात तर तिला डोळे भरून पाहा आणि तिथेच सोडा. तिची विलायती चुलत बहीण म्हणजे लार्क्सपर, जी बनारसच्या कुठल्याही नर्सरीत लार्क्सपर याच नावानं मिळते. आणि या कुळातलं एकुलतं एक स्वयंपाकघरात शिरलेलं बी म्हणजे कलौंजी. बनारसी किराणा दुकानात मंगरैल मागा, तेच ते.

लार्क्सपर आणि कलौंजी दोन्ही वर्षायू आहेत, म्हणजे एका हिवाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. त्यांना दुसऱ्या वर्षीच्या थंडीची वाट पाहायची नसते. आपल्या गच्चीवरचा हिवाळा ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत असतो, आणि त्यांचं आयुष्य नेमकं तेवढंच. काशीत फूल निवडताना हा एकच प्रश्न विचारायचा: याचा संसार होळीपर्यंत उरकतो का? उरकत असेल तर लावा.

पेरायचं कधी, हा दुसरा प्रश्न. आपल्या घरात पेरणीचा एक मुहूर्त ठरलेलाच असतो. घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून आपण धान्य पेरतो. त्याच दिवशी गच्चीवर एका पसरट कुंडीत पिटुनिया, कॅलेंडुला, डॉग फ्लावर, गुलखैरा यांचं बी टाकायला हरकत नाही. त्यांना आश्विनातली ऊब चालते. लार्क्सपर आणि कलौंजीला मात्र अजून थांबवा. त्यांना थंड माती लागते, उबेत बी उगवतच नाही किंवा उगवून कुजतं. रात्री अंगावर चादर ओढावीशी वाटायला लागली की वेळ झाली असं समजा. काशीत ते साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येतं. डिसेंबरात पेरलंत तर रोपं ठेंगणी राहतात आणि दोन-चार फुलं देऊन उन्हानं करपतात.

घटाचं धान्य नवव्या दिवशी नीट पाहा. देवघराच्या अंधारात ते लांब, पिवळट आणि लुळं वाढलेलं असतं. देवीला ते तसंच प्रिय आहे, पण फुलांच्या रोपांचं तसं झालं तर ती फुकट गेली. आणि आपल्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांत नेमकं हेच होतं. पेशवाईपासून इथे आलेल्यांनी वाडे बांधले ते पूजेअर्चेच्या, पाठशाळेच्या, बिऱ्हाडांच्या सोयीनं. बागेचा विचार त्यात नव्हता. चौकावर लोखंडी जाळी, चारी बाजूंनी तीन-तीन मजले, खाली तुळशीपुरतं ऊन. चौकात लावलेल्या रोपांना दिवसाला तासभर ऊन मिळत असेल तर नशीब. या फुलांना हिवाळ्यात पाच-सहा तास तरी ऊन हवं. म्हणून गच्चीच, आणि तिथेही दक्षिणेकडची बाजू, जिथे शेजारच्या घराची सावली उशिरा पडते.

गच्चीवर चढवण्याआधी गच्चीकडे मात्र पाहा. लखौरी विटांच्या भिंती आणि चुनारच्या दगडाच्या पटिया टाकलेली छतं शंभर-दीडशे वर्षांची आहेत. बारा इंची कुंडी मातीनं भरून, पाणी पिऊन बसली की तिचं वजन पंचवीस किलोच्या घरात जातं. अशा वीस कुंड्या छताच्या मधोमध मांडल्या तर काय होईल, याचा हिशेब करा. कुंड्या भिंतीच्या कडेनं, खाली जिथे भिंत उभी आहे तिथेच ठेवा. खाली दोन विटा सरकवा म्हणजे पाणी साचून छतात मुरणार नाही. ज्या घराला तडे गेले आहेत, पावसात पाझर फुटतो, तिथे कुंड्यांचा नाद सोडून खिडकीत चार पुरवे ठेवा. फुलापेक्षा घर मोठं.

पुरव्यांवरून आठवलं. मातीचा हा छोटा पेला आपण चहा पिऊन फेकतो, कार्तिकापासून मलइयो खाऊन फेकतो, आणि मग नर्सरीतून प्लास्टिकच्या पिशव्या विकत आणतो. ही उधळपट्टी थांबवा. पुरवे घरी आणा, रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि ओले असतानाच बुडाला खिळा टेकवून हळूहळू फिरवा. भोक पडतं. कोरड्या पुरव्यावर खिळा ठोकलात तर दोन तुकडे होतात. भोकावर खापरीचा तुकडा ठेवून माती भरा, प्रत्येकात तीन बिया. पुरवा पाणी पितो आणि लवकर सुकतो, म्हणून सगळे पुरवे ओल्या वाळूच्या परातीत बसवा. लार्क्सपर आणि कलौंजी दोघांनाही उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही. पुरव्यातलं रोप हलवताना मातीला धक्का लागत नाही. मोठ्या कुंडीत खड्डा करून, पुरव्याचं बूड आणि एक बाजू फोडून, तसाच्या तसा पुरायचा.

मातीसाठी फार खर्च नको. भाद्रपदात गंगा ओसरली की पायऱ्यांवर गाळाचा जाड थर बसतो, आणि तो पंपांनी धुऊन काढायचं काम कित्येक दिवस चालतं. त्यातली एखादी पिशवी घरी आणा, नाल्याच्या तोंडाजवळची मात्र नको. हा गाळ सुपीक असतो पण फार बारीक. एकटाच भरला तर पाणी घालताच वर साय धरतो, वाळला की तडकतो आणि कोंब त्याखाली गुदमरतात. एक भाग गाळ, एक भाग बांधकामाच्या दुकानातली जाड वाळू, एक भाग खत. खतही घरचंच होतं. रोजचं निर्माल्य गंगेत सोडू नका, भोकं पाडलेल्या डब्यात साठवा. हारातला दोरा काढा, कापराचे कागद आणि गुलाल बाजूला ठेवा, झेंडू चुरून टाका, बेलाची पानं तोडून टाका, मधेमधे मूठभर माती. ज्येष्ठात भरलेला डबा दसऱ्यापर्यंत काळा, भुसभुशीत होतो. ज्या शहरात इतका झेंडू रोज देवाला वाहिला जातो, तिथे खत विकत घ्यावं लागू नये.

लार्क्सपरचं तंत्र कोलंबाइनच्या उलट आहे, हे नीट लक्षात ठेवा. याला उगवायला अंधार लागतो. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका आणि वर माती सारखी करा. पेरण्याआधी आठ-पंधरा दिवस पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण चांगली होते. पंधरा ते वीस दिवस काहीच दिसत नाही. धीर सोडून माती उकरायची नाही. रोपं चार बोटं उंच झाली की प्रत्येक ठिकाणी एकच ठेवून बाकीची कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटलीत तर शेजारच्याची मुळं हलतात. बारा इंची कुंडीत तीन रोपं पुरेत. इथे सगळ्यांचा जीव तुटतो आणि दहा ठेवली जातात, मग दहाही किडमिडी होतात. डिसेंबर-जानेवारीत रोप जमिनीलगत बसून राहतं, वाढत नाही असं वाटतं. ते खाली मूळ बसवत असतं. माघात दांडा उठतो आणि दोन-अडीच फूट वर जातो. तेव्हा बांबूची कामटी लावून सुतळीनं सैल बांधा, कारण फगुनहटचं वारं सुटलं की नुसता दांडा टिकत नाही. महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत निळी, जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं. प्रत्येक फुलाच्या मागे एकच शिंग. कोलंबाइनला पाच असतात.

कलौंजी त्याहून सोपी. किराणा दुकानातून नव्या मालातली, न भाजलेली कलौंजी आणा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन आठवड्यांत सहा-सात दाण्यांना मोड आले तर माल पेरण्यासारखा आहे. नाही आले तर लोणच्यात घाला आणि दुसऱ्या दुकानात जा. पेरायचं एक सेंटिमीटर खोल. पानं शेपूसारखी बारीक येतात, रोप जेमतेम हात-दीड हात उंच होतं, आणि फेब्रुवारीत फिकट निळसर पांढरी फुलं येतात. ती भपकेबाज नाहीत, हे आधीच सांगतो. पण पाकळ्या गळल्यावर जी फुगीर बोंडं धरतात, वर पाच-सहा वाकडी शिंगं काढून, ती फुलापेक्षा देखणी असतात. भपका हवा असेल तर हिचीच शोभेची बहीण नायजेला मिळते. निळ्या फुलाभोवती हिरव्या तंतूंची जाळी असते तिच्या. लावणी अगदी तीच.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो आणि तो हसण्यावारी नेऊ नका. कलौंजी सोडली तर या मंडळींचं बी पोटात जाता कामा नये. लार्क्सपरचं तर पूर्ण झाडच विषारी, कोलंबाइनच्याही बिया आणि मुळं विषारी, आणि शोभेच्या नायजेलाचं बीही स्वयंपाकात वापरायचं नाही. घोटाळा असा की सगळ्यांचं बी काळंच. कलौंजीचा दाणा खडबडीत, कोनदार, निस्तेज असतो आणि बोटात चुरला की तिखट वास येतो. कोलंबाइनचा दाणा गुळगुळीत, चकचकीत आणि बिनवासाचा. पण संध्याकाळच्या दिव्यात फोडणी घालताना कोण बघतं? म्हणून फुलांचं बी स्वयंपाकघरात ठेवायचंच नाही, मसाल्याच्या डब्याशेजारी तर मुळीच नाही. घरात रांगतं मूल असेल तर यंदा लार्क्सपर नको, कॅलेंडुला लावा. गल्लीतल्या गाईंना छाटलेली लार्क्सपरची रोपं घालू नका.

खसखशीबद्दलही विचारलं जातं. फूल सुंदर, बी घरात, मग पेरावं का? नको. अफूची खसखस परवान्याशिवाय लावणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, कुंडीत लावली तरी. काशीहून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर गाझीपूरला १८२० पासून सरकारी अफूचा कारखाना आहे, म्हणजे या भागात ते झाड ओळखणारे डोळे कमी नाहीत. तसंच झुळझुळीत फूल हवं तर नर्सरीत शर्ली पॉपी किंवा कॅलिफोर्निया पॉपी मागा, ती बिनधोक. त्यांचंही बी जागच्या जागीच पेरायचं.

आता माकडं. काशीत बागेबद्दल लिहायचं आणि माकडांबद्दल नाही, असं कसं होईल? कुंपण घालून, ओरडून, काठी आपटून ती जात नाहीत. त्यांना फूल खायचं असतंच असं नाही; कुंडी उलटी करून बघायची असते. उपाय एकच, पिंजरा. कोनाचं लोखंड आणि जाळी आणून गच्चीच्या एका कोपऱ्यात चार बाय सहा फुटांचा बसता पिंजरा करून घ्या, वरूनही बंद. एकदाच खर्च होतो. ते जमत नसेल तर रोपं लहान असेपर्यंत कुंडीवर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाका. त्यानं कबुतरंही कोवळे कोंब टोचत नाहीत.

रोगराई हिवाळ्यात कमी, पण धुक्याच्या दिवसांत कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. याला रोपं कोलमडणं म्हणतात आणि ते दाट पेरल्यानं व संध्याकाळी पाणी घातल्यानं होतं. पातळ पेरा. पाणी सकाळी दहा-अकराला, ऊन आल्यावर, आणि मातीत बोट खुपसून कोरडं लागलं तरच. धुक्याच्या आठवड्यात तीन-तीन दिवस पाणी नाही घातलं तरी चालतं. फेब्रुवारीत शेंड्यांवर मावा दिसला की आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी. लार्क्सपरच्या पानांवर पांढरी भुरी येते. लिटरला २ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक मारलं की थांबते.

कोणतं फूल इथे खरंच येतं हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर २५ डिसेंबरच्या सुमाराला बनारस हिंदू विद्यापीठात जा. मालवीयजींच्या जयंतीला तिथल्या मालवीय भवनात पुष्पप्रदर्शन भरतं. गुलदाउदीपुढे, म्हणजे आपल्या शेवंतीपुढे, सेल्फी काढायला गर्दी असते. तुम्ही जरा बाजूला होऊन कुंड्यांशेजारी उभ्या असलेल्या माळ्यांशी बोला. बी कुठून आणलं, कधी पेरलं, माती कोणती, हे विचारलं तर ही माणसं हातचं राखून सांगत नाहीत. जाहिरातीतल्या चित्रापेक्षा त्यांचा शब्द खरा. निळा गुलाब, सप्तरंगी अमुक-तमुक असली बियांची पाकिटं विकणारे त्या प्रदर्शनात दिसत नाहीत, यातच काय ते समजा.

शेवटी बी धरायचं. सगळी फुलं देवाला वाहू नका. प्रत्येक रंगाचं एक चांगलं झाड बियासाठी सोडा, आणि तेही सगळ्यात आधी फुललेलं नव्हे तर सगळ्यात धडधाकट. एप्रिल लागला की लार्क्सपरच्या शेंगा खालून वर तपकिरी होत जातात. टोकं तडकायच्या आधी, सकाळी, दांड्यासकट कापा आणि कागदी पिशवीत उलट्या टांगा, सावलीत. कलौंजीची बोंडं वाळून हलवल्यावर खुळखुळायला लागली की खुडा. आठवडाभरानं झटकून, पाखडून बी वेगळं करा. काशीचा पावसाळा बियाचा वैरी आहे. जुलै-ऑगस्टची दमट हवा लागली की लार्क्सपरचं बी मेलंच म्हणायचं. म्हणून कागदी पुडी, ती पुडी झाकणाच्या काचेच्या बरणीत, बरणीत दोन चमचे कोरडे भाजलेले तांदूळ, आणि बरणी फ्रिजमध्ये. लार्क्सपरचं बी पुढच्याच हिवाळ्यात पेरून संपवा, साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

जे उरेल ते वाटा. दसऱ्याला आपण एकमेकांकडे सोनं द्यायला जातोच. आपट्याच्या पानासोबत एक पुडी द्या. पेरणीची वेळ दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते, म्हणजे घेणाऱ्याला ती ठेवून विसरायला वेळ मिळत नाही. ब्रह्माघाटावर निळं चांगलं आलं असेल आणि अस्सीवर गुलाबी, तर दोन वर्षांत दोन्हीकडे दोन्ही रंग होतात. पुडीवर फुलाचं नाव, रंग, बी धरल्याचं साल आणि ‘खायचं नाही’ हे शब्द लिहा. पेन्सिलीनं लिहा, फ्रिजमधल्या ओलीनं शाई पसरते.